लडकू काय बोलला

"लडक्या, ए लडक्या! तुझा नंबर कवा रं?"

शेजारच्या रंगूबाईने ओरडून विचारलं आणि मग तिचं तिलाच हसू आलं. कुणाला ओरडून विचारतेय आपण! तिने हळदीने माखलेली दोन बोटं कपाळावर टेकवली आणि कानांवरून गालांपर्यंत खाली ओढली. मुंडावळ्या. मांडवातल्या बाया खदखदून हसल्या.

दिघाशीला बाळारामच्या अंगणात त्याच्या रीमाची हळद चालली होती. पाटावरच्या पोरीला ओळखू येणार नाही इतकं माखून काढलं होतं. लडकू तिचा धाकटा काका, बाळारामचा भाऊ. छत्तीस वर्षांचा. चौथ्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि कान घेऊन गेला. जे काही बोबडं बोलत होता तेही मग विझलं. तो विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होता. रंगूबाईची खूण त्याला लगेच कळली. त्याने कळशी खाली ठेवली, हात पुसले, लाजला आणि उत्तर दिलं.

आधी मुंडावळ्या. मग उजव्या हाताचं एक बोट त्याने डाव्या जबड्यावरून हनुवटीपर्यंत तिरकं ओढलं.

"कंची रं ही? गालावर काय हाय तिच्या?" रंगूबाई लडकूच्या बहिणीकडे वळली. "ठमे, काय बोलला गो तो?"

ठमाबाई चहाची किटली घेऊन कडेला उभी होती. लडकू काय बोलला, हा प्रश्न तिला बत्तीस वर्षं विचारला जात होता. शाळेच्या मास्तरांनी विचारला, डॉक्टरांनी विचारला, मतदानाच्या बाकावर बसलेल्या माणसांनी विचारला. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, ती बाळारामच्या घरामागच्या दोन खोल्यांत लडकूबरोबर राहिली, आणि तेव्हापासून तर त्याचा आवाज तिच्याच तोंडात होता. खुणाही दोघांनी लहानपणी मिळून बनवलेल्या. बाळाराम म्हणजे मिशी, गावदेवी म्हणजे कपाळभर कुंकू, एसटी म्हणजे हादरणारी मांडी.

आणि जबड्यावरचा तो तिरका वण म्हणजे काळूराम.

तिने पटकन काहीतरी बोलायला हवं होतं. "काय न्हाय गो, मस्करी करतो," एवढं जरी. पण ती नुसती त्याच्या बोटाकडे बघत राहिली. तिला कळेना असं वाटून लडकूनेच समजावून सांगितलं. दोन मुठी पुढेमागे नाचवल्या, म्हणजे लूम, यंत्रमाग. डोक्याच्या वर हात नेला, उंच. ओठांवर मिशी फिरवली. पुन्हा मुंडावळ्या, आणि आपल्या छातीवर बोट.

खुर्च्या उतरवत असलेला भावेश, बाळारामचा मुलगा, आधी हसला. "आयला, हा तर काळ्या! लूमवरचा, वडपे गावचा!"

मग त्याचं हसू थांबलं. बायांचंही. कुणीतरी लाउडस्पीकरचा आवाज वाढवला.

लडकू मात्र कळशी उचलून पुन्हा विहिरीकडे गेला. त्याला कुणी काही बोललं नाही.

---

ठमाबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. काळूराम दर रविवारी यायचा. लडकू भिवंडीला केसरीनाथशेठच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायचा आणि काळूराम तिथेच सहा लूम चालवायचा. लूममधला धोटा उडून काळूरामचा जबडा फाटला, तेव्हा त्याला दवाखान्यात नेणारा लडकूच होता. काळूराम सांगायचा, "ताय, आमच्या कारखान्यात सगळेच बहिरे. लूम चालू झाल्या का बाजूच्याची हाक पन ऐकू येत न्हाय. समदे हातानंच बोलतात. तिथं लडकूसारखा बोलका मानूस न्हाय बघा."

तो जेवायला बसला की लडकू त्याच्या ताटात आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा ठेवायचा. ठमाबाई तव्याकडे बघत राहायची. तिला कळलं होतं, पण कळल्याचं तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. ती देवभोळी बाई. पहाटे तुळशीला पाणी, तिन्हीसांजेला दिवा, मंगळवारी अळणी. हा अळणी मंगळवार तिने बारा वर्षांची असताना धरला होता, लडकूची वाचा परत येऊ दे म्हणून. वाचा आली नाही, व्रत सुटलं नाही. काळूराम यायला लागला त्या वर्षी मात्र एका मंगळवारी दिवा लावताना तिला वाटून गेलं, की देवीने ऐकलं असावं. भाऊ घरात हसत होता, हात हलवून हलवून भांडत होता, रुसत होता. वाचा आणखी कशाला म्हणतात?

तसा तिने देवीला हिशेब कधी विचारला नाही. जे दिलं ते पदरात घेतलं.

काळूरामविषयी लोकांना आजवर वावगं वाटलं नव्हतं, कारण लोकांना वाटायचं की तो दया करतो. "मुक्याला सोबत देतो बिचारा, पुन्याचं काम," रंगूबाईच म्हणायची. लडकूला कुणी मुलगी देणार नव्हतं आणि त्याला मुलगी हवी असेल असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच्या मनात काही असेल हेच कुणाला सुचलं नव्हतं. आणि लडकूला लपवायचं माहीत नव्हतं. असल्या माणसांना गाव कुठल्या शब्दांनी ओळखतं, पारावर कशाला हसतं, कुणाचं नाव घेताना आवाज खाली येतो, हे सगळं माणूस कानांनी शिकतो. लडकूच्या कानांवर त्यातलं काहीच पडलं नव्हतं. त्याला वाटलं, विचारलं म्हणून सांगायचं.

---

लग्न होईपर्यंत बाळारामने सगळ्यांना गप्प बसवलं. "पोरगी उजवू दे. मंग बघू." वऱ्हाड आलं, अक्षता पडल्या, रीमा रडत गाडीत बसली. ते दोन दिवस ठमाबाई धास्तावून बाळारामच्या तोंडाकडे बघत वावरली.

लडकूचं उलटं. कुणी रागावलं नाही, कुणी हात धरला नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे असं त्याने धरलं. लग्नाच्या रात्री तो खोलीत खाट सरकवून बघत होता. त्याने ठमाबाईला दाखवलं, इथे ही खाट, तिथे ती, तुझी आत, चुलीजवळ. मग त्याने विचारलं, बरोबर?

तिने मान हलवली. काय करणार होती?

शनिवारी सकाळी भावेश मोटरसायकलवर काळूरामला घेऊन आला. शेठने बोलावलंय असं खोटं सांगून त्याला वडप्याहून उचलला होता. मांडव अजून उतरवला नव्हता. मांडवात सतरंजी घातली होती, भावकीतली आठ-दहा माणसं बसली होती, बाळाराम मधोमध. कुणीतरी चहा फिरवत होतं.

लडकूने दारातून ते पाहिलं आणि तो आत पळाला. ठमाबाईला वाटलं, घाबरला. तो बाहेर आला तेव्हा त्याने रीमाच्या लग्नासाठी घेतलेला निळा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. सतरंजी, चहा, भावकी, परगावचा माणूस मधे बसवलेला. आठ महिन्यांपूर्वी याच अंगणात रीमाची बोलणी झाली, ती अशीच. तो ठमाबाईकडे बघून हसला आणि काळूरामसाठी तांब्याभर पाणी घेऊन गेला.

काळूरामने तांब्या घेतला नाही. त्याने लडकूच्या शर्टाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला ऐकू येत होतं.

"ऱ्हाव दे पानी," भावेश म्हणाला. "त्याला पाजू आमी."

"गप रं." बाळारामने हात वर केला. तो रागीट माणूस नव्हता. घराण्याची अब्रू सांभाळायची तर आवाज चढवायचा नसतो, असं मानणारा होता. "ठमे, इकडं ये. बस. आता नीट ऐक. भावकीचं ठरलंय. ह्या वडप्याच्यानं मुक्यावर जबरदस्ती केली आसंल, तर ह्याच्याकडं आमी बघू, लडकूची काय चूक न्हाय, तो आपला हाय. पन लडक्याची मर्जी आसंल, तर दोघांनाबी एकच न्याय. घर न्हाय, गाव न्हाय, मयताला बी कोन येनार न्हाय. आनि तू त्याच्यासंगं ऱ्हायतेस, तुला बी."

"दादा..."

"कायद्यानं बी गुन्हाच हाय हा. मी पोलिसात जात न्हाय, ते घराच्या नावासाठी. इचार त्याला. काळूराम तुझा कोन लागतो, इचार."

ठमाबाई लडकूसमोर बसली. तिने बांगड्यांशिवायचे हात वर केले. तिने प्रश्न होता तसा विचारला. हे विचारतात, तो तुझा कोण?

लडकू सरसावून बसला. एवढी माणसं त्याच्या हातांकडे बघत बसली आहेत, असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्याने सावकाश सुरुवात केली, सगळ्यांना दिसावं म्हणून.

त्याने कानाला हात लावला आणि हलवला. मग समोरच्या एकेकाकडे बोट दाखवून ओठ हलवून दाखवले. तुम्ही बोलता, बोलता, बोलता. मी तोंडं बघतो. मग दोन मुठी, लूम. तिथे सगळे माझ्यासारखे. मग जबड्यावरचा वण. हा माझ्याकडे बघून बोलतो. पाठ फिरवून कधी बोलत नाही. मला ताप आला तेव्हा हा रात्रभर बसला. ह्याची आई मेली तेव्हा हा माझ्याजवळ रडला, आणखी कुणाजवळ नाही. त्याने भाकरी मोडल्याची खूण केली, अर्धी तिकडे, अर्धी इकडे. मग मुंडावळ्या. आणि मग त्याने मागच्या खोल्यांकडे हात केला आणि तीन बोटं वर धरली. एक मी. एक तो. तिसरं बोट त्याने ठमाबाईच्या गुडघ्याला लावलं. तीन ताटं. ही आमच्याबरोबर राहील. हिला एकटं सोडणार नाही.

बोटं वर धरूनच तो बाळारामकडे बघत राहिला, होकाराची वाट बघत.

"काय बोलला?" बाळारामने विचारलं.

मांडवाचा एक बांबू भावेशने सोडवून हातात घेतला होता. ठमाबाईच्या डोळ्यांपुढे एसटी स्टँड आलं. त्या गर्दीत लडकू, मागून येणारी गाडी ऐकू न येणारा. कोण घर भाड्याने देणार, कोण कामावर ठेवणार? आणि हा बांबू. दोन पाठी आहेत समोर, एक तरी वाचवता येईल. हे सगळं तिच्या मनात आलं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती, ती तिने पुढे देवीपुढेसुद्धा कधी पुरती उच्चारली नाही: तिला लाज वाटली होती.

"आते, बोल ना. काय बोलला तो?" भावेश म्हणाला.

"तो बोलतो..." ती म्हणाली, "यानं जबरदस्ती केली. त्याला कळत न्हवतं काय चाललंय ते."

कुणीतरी सुस्कारा सोडला. बाळारामने गावदेवीचा नारळ मागवून तिच्यापुढे ठेवला. "हात ठेव आनि बोल."

तिने हात ठेवला. पुन्हा तेच बोलली.

त्या अंगणात लडकूचे हात वाचता येणारी माणसं दोनच होती. दुसरा समोर बसला होता. ठमाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण तो आपल्याकडे बघतोय हे तिला कळत होतं. तो आता उठेल, म्हणेल, खोटं बोलते ही बाई, तो असं बोललाच नाही.

"खरं हाय काय रं?" बाळारामने त्याला विचारलं.

काळूरामने लडकूच्या वर धरलेल्या तीन बोटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "तायनी सांगितलं ते खरं हाय."

पहिला बांबू बसला तेव्हा लडकूला काहीच कळलं नाही. तो अजून हसत होता, म्हणजे हसण्याचा आकार तोंडावर राहून गेला होता. मग तो झेपावला. चौघांनी त्याला धरलं. किती सांभाळून धरलं! "अरं हळू, त्याला लागंल," म्हणत होते. एकाने त्याचे डोळे झाकायचा प्रयत्न केला, जसे पोराचे झाकतात. त्याच्या घशातून आवाज येत होता, तो आवाज कसा असतो हे त्याला स्वतःला कधीच कळणार नव्हतं. ठमाबाईने कान झाकून घेतले.

काळूराम गेला तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता आणि शर्टाची बाही लोंबत होती. लडकू मागून हात वर करून हाका मारत होता, थांब, बघ, इकडे बघ. काळूरामने मागे वळून पाहिलं नाही. त्याने आपले दोन्ही हात पँटच्या खिशात घालून ठेवले होते आणि तसाच तो वेशीपर्यंत चालत गेला. एका खुणेला जरी त्याने उत्तर दिलं असतं, तरी भावकीला कळलं असतं की दोघांची भाषा एक आहे, आणि मग लडकूही वाचला नसता.

---

खोलीत परतल्यावर लडकूने विचारलं. फार शांतपणे. तू काय सांगितलंस?

तोंडाने खोटं बोलता आलं होतं. हातांनी येईना. त्या भाषेत ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती. तशी खूणच दोघांनी कधी बनवली नव्हती. जबरदस्तीची खूणही त्यांच्याकडे नव्हती. तिने आपलं एक मनगट दुसऱ्या हाताने पकडलं आणि पिरगळलं. मग जबड्यावरचा वण दाखवला. मग लडकूकडे बोट केलं.

लडकू त्या पिरगळलेल्या मनगटाकडे बघत राहिला. ती पुढे सांगू लागली, मारलं असतं तुला, कुठे गेलो असतो आपण, मी काय करणार होते. तेव्हा तो जवळ आला. त्याने तिचे दोन्ही हात धरले, तिच्या मांडीवर ठेवले आणि वरून हलकेच दाबले. बस. आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेला.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा, सरपण आणायचा. तिने खूण केली तर बघायचा आणि सांगितलेलं काम करायचा. पण त्याचे हात काही बोलत नसत. कारखान्यातून मुकादम एकदा निरोप घेऊन आला. "बाई, सेठ बोला दोनों को नहीं रखना. लूम पे बातें होती हैं." काळूराम सुरतेला गेला, असंही तोच बोलला. ठमाबाईने ते लडकूला सांगितलं. त्याने ऐकल्यासारखं केलं, म्हणजे पाहिलं, आणि नजर वळवली.

आपला म्हणून ठेवून घेतलेल्या लडकूला आता बाळारामच्या घरात कुणी पोराबाळांजवळ बसू देत नव्हतं. विटाळ धरल्यासारखं पाणी वरून ओतायचे नाहीत इतकंच. रंगूबाई ठमाबाईला हळदीकुंकवाला तशीही बोलावत नव्हती, विधवा म्हणून. आता उसनं विरजण मागायलाही येईना. आणि गाव! बत्तीस वर्षांत गावाने लडकूच्या भाषेतली एक खूण शिकून घेतली नव्हती. आता शिकलं. तो रस्त्याने निघाला की पारावरची पोरं कपाळावर दोन बोटं टेकवून खाली ओढायची. मुंडावळ्या. मोठी माणसं त्यांना दटावायची आणि तोंड फिरवून हसायची. लडकू बघायचा. त्याच्याशी कुणी बोलत होतं ते एवढंच.

ठमाबाईचा दिवा चुकला नाही. मंगळवारही तसेच अळणी चालले. फक्त हात जोडल्यावर ती काही मागेनाशी झाली.

---

मार्गशीर्षात भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात अपंगांच्या दाखल्याचा कॅम्प लागला. दाखला असला की एसटीला सवलत, महिन्याला थोडंफार अनुदान. ठमाबाई लडकूला घेऊन गेली. दोन तास ओळीत उभं राहिल्यावर नंबर लागला. टेबलामागची डॉक्टरीणबाई तरुण होती, दमलेली, पण बोलायला गोड.

"या मावशी. तुमचा कोण हा?"

"भाव हाय माजा. लडकू."

"जन्मापासून ऐकू येत नाही?"

"चवथ्या वर्षापास्नं. तापानं."

"बोलतो काही?"

ठमाबाईने लडकूकडे पाहिलं.

"म्हणजे खुणांनी वगैरे? विचारा बरं त्याला, कामधंदा काय करत होता, आता काय करतो. तो काय म्हणतो ते मला सांगा, मी इथे लिहिते."

ठमाबाई लडकूकडे वळली. हात वर केले. कारखान्याची खूण करताना मुठी जरा अडखळल्या. लडकूने तिचा प्रश्न शेवटपर्यंत पाहिला. त्याचे हात काखेत होते, घट्ट. तो खिडकीकडे बघू लागला.

"त्याला खुणा येत नाहीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येतात," ठमाबाई म्हणाली. "लई येतात, बाई."

"मग?"

"माज्याशी न्हाय बोलत."

मागची ओळ कुरकुरत होती. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं, असू दे. तुम्हीच सांगा त्याच्या वतीने. तुम्हाला माहीतच असेल सगळं. काय म्हणू, काय लिहू?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. काहीही सांगितलं असतं तरी ते लिहिलं गेलं असतं.

"न्हाय," ठमाबाई म्हणाली. आवाज इतका खाली होता की बाईंना पुढे वाकावं लागलं. "त्याचं मी न्हाय सांगत. माजं मला इचारा. त्याचं नका इचारू."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं, तो रकाना कोरा सोडला आणि कागद शेजारच्या कारकुनाकडे सरकवला.

कारकुनाने लडकूपुढे हात केला, अंगठा दे म्हणून. लडकूने त्याच्याकडे बघून काखेतला उजवा हात काढला आणि त्या परक्या माणसाच्या हातात दिला. कारकुनाने अंगठा शाईच्या गादीवर फिरवला, कागदावर दाबला. लडकूने वाकून आपला ठसा नीट पाहिला. मग हात पुन्हा काखेत घातला आणि ठमाबाईसाठी न थांबता दाराकडे चालू लागला.